बुधरीच्या मांडीवरची वाकळ

माणिकगडच्या डोंगरावर वाकळ दोन प्रकारची शिवत. एक घरच्या माणसांसाठी. तिला घरातलीच जुनी लुगडी-धोतरं पुरत. दुसरी होणाऱ्या लेकरासाठी, आणि तिचं कापड मागून आणायचं असे. ज्या घरात माणसं पिकून म्हातारी झाली, ज्या बाईच्या हाताला गुण आहे, अशा घरी जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि म्हणायचं, "लेकराले कापड द्या." एवढंच बोलायचं. मग त्या घराने नाही म्हणायचं नाही.

नाही म्हणता येत नाही, म्हणून मागणाऱ्या बाईने जपून मागायचं असे. आधी कुडावर नजर टाकायची. तिथे जास्तीचं कापड वाळत असलं तरच तोंड उघडायचं, नाहीतर पाणी पिऊन, ख्यालीखुशाली विचारून परत फिरायचं. आणखी एक नेम होता. ज्याने कापड दिलं, त्याने ते लेकरू जन्माला येईपर्यंत मागणाऱ्या घरचं काही घ्यायचं नाही. दाणा नाही, भाकर नाही, मिठाचा खडासुद्धा नाही. काही घेतलं की ते देणं उरत नाही, अदलाबदल होते. आणि अदलाबदलीच्या कापडात लेकराला ऊब लागत नाही, असं जुनी माणसं सांगत.

रुखमाला हे सगळं पाठ होतं. तरी तिचं चुकलं.

तिची मुलगी वच्छला पहिल्यापासून नाजूक. नदीकाठच्या गावात दिली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा लेकरू हाती लागलं नाही. पहिलं आठ दिवस जगलं, दुसरं तेवढंही नाही. तिसऱ्या खेपेला रुखमाने जावयाला निरोप धाडला की या वेळी पोरगी इकडे पाठवा, इथे बुधरी आहे. जावई भला माणूस. पौष लागायच्या आत त्याने स्वतः बैलगाडीने पायथ्यापर्यंत आणून सोडलं. पुढची चढण वच्छला थांबत, बसत, बापाच्या खांद्याला धरून चढली. निजामाची राजवट जाऊन सात वर्षं झाली होती, पण डोंगरावर रस्ता काही अजून चढला नव्हता.

बुधरी म्हणजे वरच्या टोल्यावरची सुईण. टोला म्हणजे गोंडांच्या दहा-बारा घरांची वस्ती, रुखमाच्या घरापासून अर्धी बिडी ओढून होईल एवढ्या चढणीवर. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, तीन शेळ्या आणि गवताचं एक छप्पर एवढाच संसार. पण त्या डोंगरावर जेवढी पोरं खेळत होती, त्यातली बहुतेक पहिल्यांदा तिच्याच हातात रडली होती. वच्छला स्वतः पायाळू. वीस वर्षांपूर्वी ती उलटी आली तेव्हा रुखमाच्या सासूने देवापुढे दिवा लावून ठेवला होता, आणि बुधरीने मात्र शांतपणे दोन बोटं, मग चार बोटं असं करत पोरीला जगात आणलं होतं. त्या दिवसापासून रुखमाला वाटे, आपल्या घरात जे काही हसणं-खिदळणं आहे ते या बाईच्या बोटांनी दिलेलं आहे. हे कसं बोलून दाखवायचं ते तिला कळत नसे. आपल्याकडे असलं काही बोलून दाखवायची रीतही नाही. सणाला पुरणाची पोळी वर पाठवायची, झालं.

तेव्हा लेकराच्या वाकळीसाठी पहिलं कापड बुधरीचं, हे रुखमाने आधीच ठरवलेलं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती वर गेली. ऊन स्वच्छ होतं. बुधरीच्या कुडावर दोन लुगडी वाळत होती, एक हिरवं, एक तांबूस, आणि तिसरं बुधरीच्या अंगावर. रुखमाने मोजलं, मनाशी समाधान पावली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून मागितलं.

बुधरी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, कुडावरचं तांबूस लुगडं काढलं, चारदा झटकलं, घडी केली आणि रुखमाच्या ओंजळीत ठेवलं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की सशाच्या कानासारखं लागत होतं. रुखमा खूश होऊन घरी आली. आणखी चार घरी तिला धोतराचा पन्ना, चोळीच्या बाह्या, एका आजोबांचं पागोटं असं मिळालं. पण तळाला तिने बुधरीचंच लुगडं घातलं.

आता वाकळ कशी शिवतात ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. जमीन सारवून घ्यायची, तिच्यावर तळाचं कापड अंथरायचं. त्यावर तुकडे मांडायचे, फाटका भाग खाली, धड भाग वर. मग ते सगळं मांडीवर ओढून एका कोपऱ्यापासून धावदोरा घालायला लागायचं. कडेकडेने जायचं, कोपरा आला की वळायचं, पुन्हा कडेने. असं चौकोनात चौकोन घालत बोट बोट आत सरकायचं, ते मधोमध येईपर्यंत. घाई केली तर मधे झोळ पडतो. आणि तळ एकदा घातला की घातला. तो काढायचा म्हणजे सगळी वाकळच उसवायची.

रुखमाच्या चार फेऱ्या झाल्या असतील नसतील, तोच आभाळ फिरलं.

पौषात कधीमधी पाऊस येतो, पण त्या वर्षी आला तो वादळ घेऊनच. आधी दुपारचा अंधार झाला. मग गारा पडल्या, आवळ्याएवढ्या. देवाजीच्या, म्हणजे रुखमाच्या नवऱ्याच्या, डोळ्यांदेखत हरभरा झोपला. छपरावरची कवेलू फुटली आणि घरात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागली. त्यानंतर झड लागली ती थांबेना. वारा दरीतून वर येई आणि कुडाच्या फटीफटीतून आत शिरे. नाला भरून वाहू लागला, म्हणजे खालच्या गावांशी बोलणंच संपलं. देवाजी बैलांना कडबा घाली, छपरावर चढून कवेलू सारखी करी, आणि उरलेला वेळ गुडघ्यांत डोकं घालून बसे. रुखमाने त्याला एकदाच सांगितलं की हरभरा पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो, तू पोरीसमोर असा बसू नको. मग तो चुलीसमोर बसून वच्छलाला जुन्या शिकारीच्या थापा सांगू लागला.

चौथ्या दिवशी पावसाने तासभर उसंत दिली. रुखमा विहिरीवर गेली. तिथे टोल्यावरची सोमारी भेटली. तिच्या भावजयीला, मंगलीला, महिन्याभरापूर्वी मुलगा झाला होता. बोलता बोलता सोमारीने सांगितलं की मंगलीचं हिरवं लुगडं बुधरीमायने धुऊन दिलं ते बरं झालं, या झडीत काही वाळलं नसतं. बाळंतिणीचे कपडे सुईणच धुते, महिनाभर, हे रुखमाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुडावर नजर टाकताना ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा हात दोरावर थांबला.

"म्हंजे ते हिरवं मंगलीचं होतं?" तिने विचारलं.

"होय ना वो. बुधरीमायजवळ दोनच. एक आंगावर, एक पांघराचं. पांघराचं तुमाले देल्लं." सोमारी घागर उचलत म्हणाली. "आता शेळीले पोटाशी घेऊन बसते. आमी बोलावलं त येत नाई, म्हनते माया शेळ्या तुमच्या घरात मावत नाई."

रुखमाने अर्धी घागर तशीच ओतून दिली आणि घरी आली. घरात पाच माणसांना पुरतील अशा तीन वाकळी होत्या. माणसं तीनच. तिने सगळ्यांत जाड वाकळ उचलली, टोपलीत घातली, वर सागाची पानं पसरली आणि तशीच चढण चढली.

बुधरी दारातच शेळीचं दावं सोडत होती. सोडत होती म्हणजे सोडायला बघत होती. गाठ साधी होती, लहान पोराने सोडली असती. पण तिची बोटं निळी पडली होती आणि काड्यांसारखी ताठ झाली होती. ती गाठीवर नख लावी आणि नख घसरे. शेवटी तिने दाताने गाठ सोडली.

रुखमा ते बघत उभी राहिली. दहा-बारा दिवसांत वच्छला बाळंत होणार होती. नाला भरलेला. खालून कोणी येणार नाही. या डोंगरावर एकच माणूस होतं ज्याच्या हातात तिने आपली पोर डोळे मिटून दिली असती, आणि त्या माणसाच्या हातांची ही दशा झाली होती. ती कोणी केली? तिनेच मागून केली होती.

तिने टोपली पुढे केली. बुधरीने सागाची पानं बाजूला करून बघितलं आणि पुन्हा झाकलं.

"हे घरी ने," ती म्हणाली.

"माय, मले खरंच ठाऊक नव्हतं. मी कुडावर दोन पाह्यली."

"पाह्यली त पाह्यली. चूक तुया डोळ्याची हाय, माया हाताची नाई. देल्लं ते देल्लं."

रुखमाने हात जोडले. ती म्हणाली की वाकळ दिली असं समजू नको, नुसती ठेवून घे, झड गेली की मी घेऊन जाईन. बुधरीने मान हलवली. ती रागावलेली मुळीच नव्हती. लहान मुलाला तेच तेच सांगावं तसं तिने सांगितलं की ठेवून घेतलं म्हणजे घेतलंच, देवाला काय फरक कळत नाही? वच्छलाची दोन लेकरं गेली आहेत. तिसऱ्याच्या वेळी मी नेम मोडला आणि काही कमीजास्त झालं, तर तू मला काही म्हणणार नाहीस, पण मी मला काय म्हणू?

"मंग माया घरी चाल. शेळ्या बी आन."

"लेकरू होऊ दे. मंग वाकळ आन. तवा मी दोन मागीन," बुधरी म्हणाली आणि शेळीला घेऊन आत गेली.

रुखमा खाली आली. तिने देवाजीला सगळं सांगितलं. देवाजी म्हणाला, मी उचलून आणतो तिला. मग स्वतःच म्हणाला, नको, ती चावेल. वच्छलाने आपल्या अंगावरची वाकळ बाजूला सारली आणि नुसतीच बसून राहिली. रुखमा तिच्यावर ओरडली. पोटात लेकरू असताना असली नाटकं करायची नसतात, असं म्हणाली. आणि मग स्वतःच डोळे पुसत लेकराची वाकळ पुढे ओढून शिवायला बसली, कारण हात रिकामे ठेवले तर मन खायला उठतं.

ती शिवत राहिली. एक बाजू झाली, कोपरा आला, तिने वाकळ फिरवून घेतली. पावसाचा आवाज वाढला होता. दाराच्या फटीतून वारा सरळ तिच्याच अंगावर येत होता, पाठ गारठली होती. आणि मग तिच्या लक्षात आलं की पाय मात्र गार नाहीत. मांड्या, गुडघे, पावलं चांगली उबदार होती. तिने खाली बघितलं. वाकळ शिवणाऱ्या बाईच्या मांडीवर वाकळ असतेच. त्याशिवाय शिवता येतच नाही.

रुखमाने दोरा तोडला. सुई वाकळीला टोचली, सगळं गुंडाळून टोपलीत घातलं आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा चढण चढली.

बुधरीने तिला बघून कपाळाला हात लावला. पण रुखमा या वेळी काही द्यायला आलीच नव्हती. ती म्हणाली की माझ्या घरी तीन ठिकाणी गळतंय, वाकळ भिजते, तुझं गवताचं छप्पर बरं. शिवाय माझा कोपरा काही नीट वळत नाही. तू एका बाजूने धर, मी दुसऱ्या बाजूने धरते, आणि माझं चुकत असेल तिथे सांग. हे मी तुला देत नाही, उलट तुझ्याकडून अंगमेहनत मागते आहे. अंगमेहनत देऊ नये असा कुठे नेम आहे का?

बुधरीला सापळा दिसत होता, पण त्याचं दार कुठे आहे ते सापडत नव्हतं.

"नाई," ती शेवटी म्हणाली. "तसा नेम नाई आयकला मी."

"मंग सरक तिकडे."

दोघी आगटीच्या दोन बाजूंना बसल्या. वाकळ दोघींच्या मांडीवर पसरली. पहिला अर्धा तास बुधरीला सुई धरता आली नाही. ती बोटं वाकळीखाली घालून बसली आणि रुखमाचे टाके बघत राहिली. मग म्हणाली की तू दोरा फार ओढतेस, म्हणून कोपरा आखडतो. कापडाला श्वास घ्यायला जागा ठेव. मग तिने स्वतः सुई घेतली. तिचे टाके म्हणजे तांदळाचे दाणे, एकासारखा एक. रुखमा वीस वर्षं वाकळी शिवत होती, पण त्या दिवशी तिला वाटलं की आपण आजवर नुसती ठिगळंच लावली.

अंधार पडायच्या आत रुखमा उठली. तिने वाकळ गुंडाळली नाही. पावसात नेली तर भिजेल, असं ती दाराकडे बघत म्हणाली. इथेच राहू दे, मी उद्या येते. आणि शेळ्या तुडवतील, तेव्हा खाली ठेवू नको, अंगावर घे. रुखमा उतरताना एकदा मागे वळली, तर म्हातारी वाकळ गुडघ्यांवर ओढून आगटीत धावड्याचं लाकूड सारत होती.

असं रोज चालू झालं. सकाळची भाकर झाली की रुखमा वर जाई. जाताना लाकडं नेई. ती म्हणे, मला थंडी वाजते म्हणून नेते. लाकूड जळायचं ते सगळ्यांसाठीच जळतं, त्याला नेम काय करणार? दुसऱ्या दिवशी सोमारी येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मंगली आपल्या महिन्याच्या पोराला घेऊन आली. वाकळीला चार बाजू होत्या, चौघी बसल्या. बोलणी चालत. कोणाच्या नवऱ्याला झोपेत बोलायची खोड, कोणाच्या सासूने गारा वेचून मडक्यात भरून ठेवल्या आणि सकाळी पाणी बघून शेजारणीवर आळ घेतला. बुधरी हसे तेव्हा तिला खोकला येई. पहिले दोन दिवस तो खोकला रुखमाला सुईसारखा टोचला. मग तो कमी होत गेला. बोटांचा निळेपणा गेला. पाचव्या दिवशी बुधरीने मंगलीच्या पोराला तेल लावलं, आणि तिची बोटं त्या इवल्या पाठीवर कशी सरसर फिरली ते रुखमा शिवणं सोडून बघत राहिली.

पण एक अडचण उभी राहत होती. वाकळ संपत आली होती. चौकोन लहान लहान होत मध्यावर आला होता, आणि झड काही संपत नव्हती. वाकळ पूर्ण झाली की ती लेकराची. मग बुधरीच्या घरी ठेवायला कारण काय?

रुखमाने त्या दिवशी घरी जाऊन आपलं एक लुगडं फाडलं आणि दुसऱ्या दिवशी वाकळीला चारी बाजूंनी वीतभर पट्टा जोडला. म्हणाली, लहान वाटत होती. पट्टा शिवून झाला. तिने आणखी एक जोडला. या वेळी देवाजीचं धोतर होतं. तिसरा जोडायला घेतला तेव्हा बुधरीने सुई खाली ठेवली.

"काऊन वो रुखमा, तुया पोरीले लेकरू होऊन राह्यलं का रेडा?"

मंगली आणि सोमारी एवढ्या हसल्या की पोर जागं होऊन रडायला लागलं. रुखमाही हसली. तिचे कान तापले होते. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, लेकरू वाढेल, मोठं होईल, असं काहीसं, पण मग नुसता पट्टा मागे सारला.

बुधरीने पुन्हा सुई उचलली. "आन तो पट्टा," ती म्हणाली. "मोठी बरी. लेकरं पाय मारतात."

नवव्या दिवशी, सकाळी भाकरी थापतानाच वच्छलाने चौकटीला धरलं. देवाजी डोक्यावर पोतं घेऊन टोल्याकडे पळाला. थोड्या वेळाने तो परत आला तो तीन शेळ्या ओढत, आणि त्याच्या पाठीमागून बुधरी. तिच्या डोक्यावर टोपली, टोपलीत वाकळ. शेळ्या एकट्या राहणार नाहीत, असं तिने देवाजीला सांगितलं होतं आणि देवाजीने वाद घातला नव्हता. त्याने त्यांना बैलांशेजारी बांधलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला करण्यासारखं काही नाही. तो गोठ्यात जाऊन शेळ्यांशी बोलत बसला.

आत बुधरीने पाणी तापवायला लावलं, हात धुतले, आगीवर धरले. वच्छलाला तिने काही धीराचे शब्द सांगितले नाहीत. नुसती तिच्या मागे बसली, तिची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतली आणि तिच्याबरोबर श्वास घेत राहिली. दोन घटका गेल्या, चार गेल्या. बाहेर पाऊस कवेलूंवर वाजत होता. वच्छला एकदा किंचाळली आणि म्हणाली, "आजी, याही वेळेस तसंच होईन का?" बुधरी म्हणाली की मला पुढचं दिसत नाही, मला फक्त आत्ताचं दिसतं, आणि आत्ता तुझं लेकरू चांगलं जोरात आहे.

दुपार कलली तेव्हा बुधरी समोर येऊन बसली आणि डोकं बाहेर आलं. आणि त्याच्याबरोबर नाळही दिसली, गळ्याभोवती, एकदा नाही, दोनदा. रुखमाचा हात आपोआप तोंडावर गेला. बुधरीने तिच्याकडे बघितलंही नाही. तिने वच्छलाला थांब म्हणून सांगितलं, जोर लावू नको, फुंकर मार, चुलीला मारतेस तशी. मग तिचं एक बोट त्या निसरड्या नाळेखाली गेलं. रुखमा श्वास रोखून ते एकच बोट बघत होती. ते चाचपडलं नाही, घसरलं नाही. त्याने नाळ अलगद सैल केली, वर घेतली, डोक्यावरून काढली. मग दुसरा वेढा. सारवलेल्या जमिनीवरून कोणी दोरा उचलावा इतकं सोपं दिसलं ते.

लेकरू बाहेर आलं आणि गप्प होतं. बुधरीने त्याला उपडं धरून पाठीवर बोटं फिरवली, वरून खाली, वरून खाली. आणि मग ते रडलं. गोठ्यात देवाजी रडला, तो शेळ्यांपेक्षा मोठ्याने रडला असं पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जाई. मुलगी होती.

तिला पुसून त्या वाकळीत ठेवली. मध्यावर हातभर जागा अजून शिवायची राहिली होती, सुई तशीच टोचलेली होती. ती बुधरीने आधी काढून कुडाला खोवली. वाकळ एवढी मोठी झाली होती की वच्छला, लेकरू आणि टेकून बसलेली बुधरी तिघीही तिच्यात मावल्या. रुखमाने चुलीवर गुळाचं पाणी ठेवलं. एक वाटी तिने लेकीला दिली, आणि दुसरी बुधरीपुढे धरली.

बुधरीने वाटीकडे बघितलं, मग लेकराकडे. नेम सुटला होता. तिने वाटी घेतली, दोन्ही हातांनी, आणि एका दमात पिऊन पुन्हा पुढे केली.

सुईणीने पाचवी होईपर्यंत बाळंतिणीजवळ राहायचं असतं. बुधरी राहिली. तिसऱ्या दिवशी झड थांबली. चौथ्या दिवशी ऊन पडलं. डोंगरावरच्या प्रत्येक कुडावर, प्रत्येक झुडपावर लोकांनी ओले कपडे टाकले आणि सगळा डोंगर लाल-हिरवा-पांढरा झाला. नाला उतरला. जावई धावत आला, पोरीला बघून त्याने सरळ बुधरीच्या पायांवर डोकं ठेवलं. येताना लाडूंची पुरचुंडी आणली होती, ती हातात द्यायची सोडून त्याने घाईत तिच्या डोक्यावरच टेकवली. बुधरी म्हणाली की पोरगा चांगला आहे, थोडा येडा आहे.

त्या पाच दिवसांत तिने वाकळीचा मधला भाग शिवून काढला. शेवटचा टाका घालताना तिने रुखमाला जवळ बसवलं आणि हळू दाखवलं, दोरा कसा मागे फिरवायचा म्हणजे गाठ लेकराला टोचत नाही. मग ते उसवलं आणि रुखमाला करायला लावलं. मग तेही उसवून पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा म्हणाली, "आता तुले शिकवाचं काई राह्यलं नाई. थोडंसंच राह्यलं."

सहाव्या दिवशी ती शेळ्या घेऊन निघाली. सुईणीचं नवं लुगडं बाजारातून यायचं होतं, देवाजी येत्या बाजाराला राजुऱ्याला जाणार होता. पण रुखमाने त्याची वाट बघितली नाही. तिने घरातली सगळ्यांत जाड वाकळ आणली, तीच, जी पहिल्या दिवशी टोपलीतून परत आली होती, आणि बुधरीच्या खांद्यांवर घातली. तिला खूप काही सांगायचं होतं. वीस वर्षांचं साचलेलं होतं. ते सगळं घेऊन ती नुसती वाकळीच्या कडा म्हातारीच्या गळ्याशी सारख्या करत राहिली, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

बुधरीने वाकळीचा कोपरा नाकाशी नेला. "याले तुया नवऱ्याच्या बिडीचा वास येते," ती म्हणाली.

"धुऊन देऊ का?"

"नोको. शेळ्याईले आवडनार नाई, मले चालते." तिने वाकळ घट्ट लपेटून घेतली आणि दावं हातात घेतलं. दोन पावलं गेली आणि थांबून म्हणाली की मी दोन मागणार होते, पण ही जाड आहे, एकच पुरे. लेकराच्या बेंबीला हळद लावत जा.

रुखमा अंगणात उभी राहून बघत राहिली. चढणीवरून तीन शेळ्या आणि मधे एक चालती वाकळ वर जात होती. वळणावर एक शेळी अडली तेव्हा वाकळीतून एक हात बाहेर आला, तिच्या पाठीवर पडला आणि पुन्हा आत गेला. आत घरात लेकरू रडत उठलं. रुखमाने डोळे पुसले आणि त्याच्या हाकेला ओ देत वळली.